पंपाचं हँडल काढायला लावणारा डॉक्टर

आपण डेटा गोळा करतो तो बहुतेक वेळा सबमिशनपुरता. डॉ. जॉन स्नो यांनी मात्र तो माणसं वाचवायला वापरला. त्यांचा जन्म १८१३ साली इंग्लंडमधल्या यॉर्कला, एका मजुराच्या घरी झाला. पुढे ते लंडनमध्ये नामवंत भूलतज्ज्ञ झाले. कॉलरा घाणेरड्या हवेमुळे होतो असं तेव्हाचे बहुतेक डॉक्टर मानत. स्नो यांचा संशय पाण्यावर होता.

१८५४ च्या ऑगस्टअखेर सोहो भागात कॉलरा भडकला. दहा दिवसांत पाचशेहून जास्त लोक गेले. स्नो यांनी मृतांची सरकारी यादी मिळवली आणि घरोघरी जाऊन कुठलं पाणी पिता याची चौकशी केली. बहुतेक मृत्यू ब्रॉड स्ट्रीटच्या पंपाजवळचे निघाले. शेजारच्याच अनाथ-गरिबांच्या वर्कहाऊसमध्ये मात्र ५३५ पैकी फक्त ५ जण दगावले, कारण तिथे स्वतःची विहीर होती! ८ सप्टेंबरला पंपाचं हँडल काढलं गेलं. नंतर त्यांनी नकाशावर प्रत्येक मृत्यूची काळी रेघ मारून हे सगळं मांडलं.

तरी साथ आधीच ओसरत होती, म्हणून अनेकांना ते पटलं नाही. १८५८ मध्ये, अवघ्या ४५व्या वर्षी स्नो गेले. मान्यता मिळाली ती नंतर. २०२० मध्ये कोरोनाचे पेशंट गल्लीनिहाय नकाशावर दाखवले गेले, त्या रीतीचं एक गाजलेलं जुनं उदाहरण याच माणसाचं.