व्यसनमुक्तांचा सोबती : बिल विल्सन

मद्यपाशात सापडलेल्या मनुष्याला उपदेश करणारे पुष्कळ भेटतात; परंतु तीच व्यथा स्वतः भोगलेला सोबती विरळाच. अमेरिकेतील बिल विल्सन हे असे सोबती होते. त्यांचा जन्म १८९५ साली व्हरमाँट राज्यात झाला. न्यूयॉर्कच्या शेअरबाजारात त्यांनी नाव कमावले. पण मद्यापायी ते सारे धुळीस मिळाले. डिसेंबर १९३४ मध्ये रुग्णालयात उपचार घेऊन त्यांनी मद्य सोडले. पुढील मे महिन्यात ॲक्रन शहरी त्यांचा एक व्यवहार फसला. हॉटेलात एकाकी उभे असता मद्यगृहातील गजबज त्यांना खुणावू लागली. त्या क्षणी त्यांना उमगले की, आपल्यासारख्याच एखाद्या पीडिताला धीर दिला, तरच आपण तरू. त्यांनी दूरध्वनी उचलला. त्यातूनच डॉ. रॉबर्ट स्मिथ या मद्यासक्त शल्यवैद्याची भेट घडली. स्मिथ यांनी १० जून १९३५ रोजी अखेरचा प्याला घेतला. तोच ‘अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस’ या संघाचा स्थापनादिन मानला जातो. तेथे ना शुल्क, ना पूर्ण नावाची पृच्छा. समदुःखी एकत्र बसून आपली कहाणी सांगतात आणि आजचा दिवस मद्याविना काढण्याचा निश्चय करतात. १९७१ साली विल्सन निवर्तले. संघाचे कार्य भारतातही चालू आहे. विद्यार्थिमित्रहो, दुसऱ्यास हात देताना आपलाही तोल सावरतो, हेच या चरित्राचे सार होय.