मुखपृष्ठापलीकडचे वसंत देसाई

ध्वनिमुद्रिकेचे मुखपृष्ठ कलावंताचा चेहरा घरोघरी पोहोचवते. चित्रपटाच्या ध्वनिमुद्रिकेवर मात्र हा मान बहुधा नायक-नायिकेलाच मिळतो आणि चाल बांधणाऱ्याचे नाव बारीक अक्षरांत राहते. कोकणचे सुपुत्र, ख्यातनाम संगीतकार वसंत देसाई यांची कारकीर्द या रीतीतच घडली.

देसाई यांचा जन्म ९ जून १९१२ रोजी कुडाळ तालुक्यातील सोनवडे गावी झाला. १९८१ मध्ये सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा होईपर्यंत हा तालुका रत्नागिरी जिल्ह्यात होता. दशावतार आणि भजनाची परंपरा लाभलेल्या या मुलखातून ते कोल्हापूरला 'प्रभात' कंपनीत दाखल झाले. पडेल ते काम करत त्यांनी तेथे गोविंदराव टेंबे, मास्टर कृष्णराव आणि केशवराव भोळे यांच्या हाताखाली धडे गिरवले. पुढे व्ही. शांताराम यांनी 'राजकमल' ही संस्था स्थापन केली, तेव्हा देसाई त्यांच्याबरोबर मुंबईला आले. 'शकुंतला' (१९४३) या चित्रपटाने त्यांचे नाव झाले.

त्या काळी ७८ फेऱ्यांची तबकडी साध्या कागदी पाकिटात मिळे. पाकिटावर कंपनीची जाहिरात असे आणि मधल्या गोल खिडकीतून तबकडीवरचे लेबल दिसे. कलावंताची प्रसिद्धी एवढ्या लेबलावर अवलंबून होती. तेथेही अन्याय होई. 'महल' (१९४९) मधील गाजलेल्या गीताच्या सुरुवातीच्या तबकड्यांवर लता मंगेशकर यांच्याऐवजी 'कामिनी' या पात्राचे नाव छापले गेले होते.

अमेरिकेत कोलंबिया कंपनीसाठी ॲलेक्स स्टाइनवाइस यांनी १९४० मध्ये सचित्र मुखपृष्ठांचा पायंडा पाडला. भारतात दीर्घ ध्वनिमुद्रिका रुळल्यावर चित्रपटाच्या जाहिरातीतील चित्रेच मुखपृष्ठावर आली. खप वाढला, पण चेहरे ताऱ्यांचे राहिले. देसाई यांच्या 'गूँज उठी शहनाई' (१९५९) मध्ये पडद्यावर शहनाई राजेंद्रकुमार यांच्या हाती होती, तर सूर उस्ताद बिस्मिल्ला खाँ यांचे होते. या दोहोंची सांगड घालणारा संगीतकार रसिकांच्या नजरेआडच राहिला.

'अमर भूपाळी', 'झनक झनक पायल बाजे' यांसारख्या चित्रपटांबरोबरच 'पंडितराज जगन्नाथ'सारख्या संगीत नाटकांनाही त्यांनी सुरांचा साज चढवला. १९६६ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघात एम. एस. सुब्बुलक्ष्मी यांनी गायलेल्या विश्वमैत्रीच्या संस्कृत गीताची चालही त्यांचीच होती. शालेय मुलांच्या समूहगानासाठीही त्यांनी मनापासून परिश्रम घेतले.

२२ डिसेंबर १९७५ रोजी मुंबईत लिफ्टच्या अपघातात त्यांचा दुर्दैवी अंत झाला. 'दो आँखें बारह हाथ' (१९५७) आणि 'गुड्डी' (१९७१) या चित्रपटांतील त्यांच्या प्रार्थना आजही अनेक शाळांत म्हटल्या जातात. त्या गाणाऱ्या मुलांनी ध्वनिमुद्रिकेचे मुखपृष्ठ पाहिलेले नसते आणि चाल कोणाची, हेही त्यांतील अनेकांना ठाऊक नसते. प्रार्थनेच्या फलकावर गीताखाली संगीतकाराचे नाव लिहिले, तर ही उणीव सहज भरून निघेल.