ग्रेगर मेंडेल

परीक्षेचा निकाल लागला म्हणजे दरवर्षीं कांहीं विद्यार्थी खालीं मान घालून आमच्यापुढें उभे राहतात. त्यांचे पालकही खिन्न असतात, आणि आमच्या घराण्यांतच विद्या नाहीं, असे निराशेचे उद्गार कित्येकांच्या तोंडून निघतात. अशा वेळीं आम्हांस ग्रेगर मेंडेल यांची आठवण होते. आईबापांचे गुण संततींत कोणत्या नियमानें उतरतात, हें ज्यांनीं प्रथम शोधून काढिलें, ते हे धर्मगुरु स्वतः शिक्षकाच्या परीक्षेंत दोनदां अपयशी झाले होते. त्यांचें चरित्र येथें थोडक्यांत देण्याचें आम्हीं योजिलें आहे.

मेंडेल यांचा जन्म १८२२ सालीं त्या वेळच्या ऑस्ट्रियन साम्राज्यांतील एका लहानशा खेड्यांत झाला. हें खेडें आज चेक प्रजासत्ताकांत आहे. त्यांचें मूळचें नांव योहान. वडील आंतोन हे गरीब शेतकरी असून त्यांस आठवड्यांतून तीन दिवस जमीनदाराच्या शेतावर वेठीनें राबावें लागे. १८३८ सालीं अंगावर झाड पडून त्यांस जबर दुखापत झाली, व मुलाच्या शिक्षणास पैसा उरला नाहीं. तेव्हां धाकटी बहीण तेरेझिया हिनें आपल्या लग्नाकरितां ठेविलेल्या रकमेंतून कांहीं भाग भावास दिला. मेंडेल हें ऋण विसरले नाहींत. पुढें तिच्या मुलांच्या शिक्षणास त्यांनीं मदत केली.

१८४३ सालीं ते ब्रुन्न, म्हणजे आजचें ब्र्नो, या शहरांतील ऑगस्टिनियन मठांत दाखल झाले व तेथें त्यांस ग्रेगर हें नांव मिळालें. १८४७ सालीं त्यांस धर्मगुरूची दीक्षा देण्यांत आली. परंतु त्यांचा खरा ओढा अध्यापनाकडे होता. १८५० सालीं ते शिक्षकाच्या परीक्षेस बसले आणि नापास झाले. तथापि मठाधिपति नाप यांनीं त्यांस व्हिएन्नाच्या विद्यापीठांत धाडिलें. तेथें पदार्थविज्ञानाचें व गणिताचें जें शिक्षण मिळालें, तें पुढें फार उपयोगीं पडलें. १८५६ सालीं ते पुनः परीक्षेस बसले. तीही पार पडली नाहीं. मात्र त्याच वर्षीं मठाच्या बागेंत त्यांनीं वाटाण्यावरील आपल्या प्रयोगांस आरंभ केला.

वाटाण्याचें फूल असें असतें कीं, त्यांत परागसिंचन आपोआप होतें व बाहेरचा पराग सहसा आंत शिरत नाहीं. मेंडेल कळी उमलण्यापूर्वींच तींतील पुंकेसर काढून टाकीत व दुसऱ्या जातीच्या रोपाचा पराग तेथें लावीत. बीं गोल कीं सुरकुतलेलें, पिवळें कीं हिरवें, रोप उंच कीं ठेंगणें, अशा सात गुणांच्या जोड्या त्यांनीं निवडिल्या. गोल व सुरकुतलेल्या बियांच्या जातींचा संकर केला असतां पहिल्या पिढींत सर्व बिया गोल निघाल्या. सुरकुती जणूं नाहींशी झाली! त्या बिया पुनः पेरून दुसऱ्या पिढीच्या बिया मोजिल्या, तों ७,३२४ पैकीं ५,४७४ गोल व १,८५० सुरकुतलेल्या भरल्या; म्हणजे तिनास एक हें प्रमाण. इतर गुणांतही जवळजवळ हेंच प्रमाण आढळलें.

यावरून त्यांनीं अनुमान काढिलें कीं, प्रत्येक गुणाचे दोन घटक रोपांत असतात. एक पित्याकडून व एक मातेकडून येतो. दोहोंपैकीं प्रभावी घटक दिसून येतो. अप्रभावी घटक झांकला जातो, पण नष्ट होत नाहीं. योग्य जोडी जुळतांच तो पुढील पिढींत पुनः प्रकट होतो. या घटकांस आज जनुक म्हणतात.

आठ वर्षें व सुमारें २८,००० रोपें, एवढ्या परिश्रमाचें हें फळ होतें. १८६५ सालीं मेंडेल यांनीं आपला निबंध ब्रुन्न येथील निसर्गविज्ञान मंडळापुढें वाचला व पुढील वर्षीं तो छापून निघाला. पण त्याचें मर्म कोणासही उमगलें नाहीं. नामांकित वनस्पतिशास्त्रज्ञ नेगेली यांच्याशीं त्यांनीं पत्रव्यवहार केला, परंतु त्यांनाही त्याचें मोल कळलें नाहीं. १८६८ सालीं मेंडेल मठाधिपति झाले. मठांवरील नव्या कराविरुद्ध सरकाराशीं झगडण्यांत त्यांचीं अखेरचीं वर्षें गेलीं, आणि ६ जानेवारी १८८४ रोजीं ते देवाघरीं गेले. पुढें १९०० सालीं डी व्ह्रीस, कोरेन्स व चेर्माक या तिघांच्या लेखनामुळें तो जुना निबंध पुनः जगापुढें आला, आणि आनुवंशिकतेच्या शास्त्राचे जनक म्हणून मेंडेल यांची कीर्ति सर्वत्र पसरली.

पालकांस आमचें एवढेंच सांगणें आहे कीं, सर्वच गुण वाटाण्याच्या सुरकुतीप्रमाणें सरळ हिशेबानें उतरत नाहींत. माणसाच्या वाढींत अन्न, आरोग्य, घरचें वळण व शिक्षण यांचाही मोठा वांटा असतो. वेठीनें राबणाऱ्या शेतकऱ्याच्या घरीं हा शास्त्रज्ञ निपजला; तेव्हां घराण्याकडे बोट दाखवून मुलाचें भवितव्य ठरवूं नये. आणि विद्यार्थिमित्रांनो, जो गुण आज तुमच्यांत दिसत नाहीं, तो नाहींच असें समजूं नका. परमेश्वरानें दिलेल्या बुद्धीचा प्रामाणिकपणें उपयोग करा. बहिणीचा त्याग, गुरूचा विश्वास व स्वतःची चिकाटी यांच्या बळावर मेंडेल यांनीं आपलें काम तडीस नेलें. फळ पाहणें मात्र त्यांच्या नशिबीं नव्हतें.