लळिंगचा नासिरखान फारुकी

धुळें शहराच्या दक्षिणेस सुमारें ६ मैलांवर, मुंबई-आग्रा रस्त्यालगत, लळिंगचा डोंगरी किल्ला उभा आहे. माथ्यावरून शहर व पांझरेचें खोरें दृष्टीस पडतें. आज तेथें पडक्या भिंती व पाण्याचीं टाकीं उरलीं आहेत. परंतु खानदेशच्या एका प्रसिद्ध राजाच्या कारकिर्दीचा आरंभ व शेवट याच किल्ल्यावर झाला. तो राजा नासिरखान फारुकी.

त्याचा पिता मलिक राजा यास दिल्लीचा सुलतान फिरोजशहा तुघलक याजकडून १३७० सालीं थाळनेरची जहागीर मिळाली होती. १३९९ सालीं मलिक राजा वारला, तेव्हां थोरल्या नासिरास लळिंग व धाकट्या इफ्तिकारास थाळनेर मिळालें.

नासिर शूर होता, पण लळिंगवर त्याचें समाधान होईना. त्याचें लक्ष अशीरगडाकडे गेलें. तेथें आसा अहीर नांवाचा धनाढ्य गवळी राहत असे. दुष्काळांत गोरगरिबांस अन्न देणारा व फारुकी घराण्याशीं इमान राखणारा, असें त्याचें वर्णन इतिहासकार फिरिश्ता यानें केलें आहे. शत्रूच्या भयाचें निमित्त सांगून नासिरानें आपल्या बायकामुलांसाठीं गडावर आश्रय मागितला. आसानें तो आनंदानें दिला. परंतु डोल्यांतून बाहेर पडले ते हत्यारबंद शिपाई! आसा व त्याचे पुत्र मारले गेले आणि गड नासिराचा झाला.

पुढें त्यानें तापीकांठीं बुऱ्हाणपूर वसविलें, व त्यास शेख बुऱ्हाणुद्दीन या साधुपुरुषाचें नांव दिलें. १४१७ सालीं माळव्याच्या सुलतानाचें साहाय्य घेऊन त्यानें सख्ख्या भावाचें थाळनेरहि घेतलें.

उतारवयांत मात्र दिवस फिरले. बहामनी घराण्यांत दिलेल्या आपल्या कन्येचा पक्ष घेऊन त्यानें जांवयाच्या वऱ्हाड प्रांतावर स्वारी केली. बहामनी सेनापतीनें रोहिणखेड येथें त्याचा मोड केला व बुऱ्हाणपूर लुटलें. नासिर लळिंगास आला. तेथेंहि पराभव होऊन, १४३७ सालीं तो दुःखानें खचून मरण पावला. त्यास थाळनेर येथें पुरलें.

विद्यार्थिमित्रहो, नासिरानें गड जिंकले, नगर वसविलें. हें त्याचें कर्तृत्व कोणी नाकारणार नाहीं. परंतु विश्वासघातानें मिळविलेला अशीरगडहि १६०१ सालीं त्याच्या वंशजांच्या हातून अकबराकडे गेला. त्या गडाचें नांव मात्र आश्रय देणाऱ्या आसावरूनच पडलें, असें लोक आजहि सांगतात.