फिरकीचा पहिला बादशहा : बाळू पालवणकर

'लगान' आपण सगळ्यांनी पाहिलाय. त्यातला कचरा आठवतो ना? ज्याच्याबरोबर खेळायला गावातले लोक आधी तयार नसतात आणि नंतर त्याच्याच बॉलिंगवर टीम टिकते? कचरा सिनेमातला, पण त्याच्यासारखं आयुष्य खरोखर जगलेला एक बॉलर आपल्या साताऱ्याच्या ग्राउंडवर खेळून गेलाय. त्यांचं नाव बाळू पालवणकर.

बाळूंचा जन्म १८७६ साली धारवाडला, चांभार कुटुंबात झाला. वडील पुण्याला लष्करी नोकरीत होते. बाळूंना फारसं शिक्षण मिळालं नाही. पुण्यातल्या पारशी क्रिकेट क्लबात पिच झाडायचं, रोलर फिरवायचा आणि पगार महिना ३ रुपये! मग १८९२ च्या सुमारास ते इंग्रजांच्या पूना जिमखान्यात लागले. तिथे पगार ४ रुपये झाला. जाळी लावणं, पिच तयार करणं ही कामं करता करता ते साहेबांना नेट प्रॅक्टिससाठी बॉलिंग टाकू लागले. कॅप्टन ग्रेग नावाचा नामांकित बॅट्समन तर इतरांच्या आधी येऊन एकटा त्यांच्यासमोर सराव करायचा. असे हजारो बॉल टाकून बाळूंची डावखुरी फिरकी तयार झाली. पण साहेबांनी त्यांच्या हातात बॅट काही दिली नाही. बॅटिंग हे साहेबांचं काम!

पुण्याच्या हिंदू क्लबाला इंग्रजांना हरवायचं होतं, म्हणून बाळूंना टीममध्ये घ्यावं की नाही यावर मोठा वाद झाला. शेवटी घेतलं. गंमत बघा, ग्राउंडवर सगळे त्यांच्या हातचा बॉल झेलायचे. पण चहाच्या वेळी बाळू पॅव्हेलियनच्या बाहेर आणि त्यांचा चहा मातीच्या वेगळ्या भांड्यात. जेवणाचं ताटही वेगळं.

याच टीमबरोबर ते साताऱ्याला आले. तिथल्या गोऱ्यांच्या जिमखान्याने बाळूंच्या फिरकीला भिऊन कित्येक दिवस पिचवर रोलर फिरवून घेतला, म्हणजे बॉल वळणारच नाही. तरीही बाळूंनी ७ विकेट काढल्या आणि मॅच जिंकली! त्यांची साताऱ्यात हत्तीवरून मिरवणूक निघाली असं सांगतात. न्यायमूर्ती रानड्यांनीही त्यांचं जाहीर कौतुक केलं.

पुढे बाळू मुंबईला गेले, रेल्वेत नोकरी केली आणि हिंदू संघातून खेळू लागले. इथे मात्र त्यांना सहकाऱ्यांच्या पंगतीत जागा मिळाली. फेब्रुवारी १९०६ मध्ये हिंदूंनी युरोपियन संघाला १०९ रनांनी हरवलं. त्या विजयात बाळूंच्या बॉलिंगचा वाटा फार मोठा होता आणि भाऊ शिवरामही त्या टीममध्ये होता. राज्यकर्त्यांना त्यांच्याच खेळात हरवलं म्हणून देशभर आनंद झाला. १९११ साली भारतीय संघ इंग्लंडला गेला. संघ बहुतेक मॅचेस हरला, पण पस्तिशीतल्या बाळूंनी दौऱ्यात ११४ विकेट घेतल्या.

एवढं करूनही हिंदू संघाची कॅप्टनशिप त्यांना कधी मिळाली नाही. कारण जात. १९२० मध्ये बाळूंना वगळलं आणि धाकट्या विठ्ठललाही डावललं, तेव्हा विठ्ठल आणि शिवराम यांनी खेळायलाच नकार दिला. तेव्हा कुठे समितीला जाग आली. बाळूंना परत बोलावून व्हाइस कॅप्टन केलं. शेवटी १९२३ मध्ये विठ्ठल कॅप्टन झाला आणि हिंदू संघाने स्पर्धा जिंकली. दादाला नाकारलेलं पद धाकट्या भावाने मिळवलं.

नंतर बाळू राजकारणात आले. १९३२ च्या पुणे करारावर त्यांची सही आहे. १९३७ च्या निवडणुकीत काँग्रेसने त्यांना थेट डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या विरोधात उभं केलं. एकेकाळी बाबासाहेबांना बाळूंचा अभिमान वाटायचा. त्या लढतीत बाळू सुमारे २ हजार मतांनी हरले. ४ जुलै १९५५ ला मुंबईत त्यांचं निधन झालं.

आज आपल्या होस्टेलच्या टीममध्ये कुणाला घ्यायचं हे त्याची बॉलिंग बघून ठरतं आणि मॅचनंतर सगळे मेसमध्ये एकाच टेबलावर जेवायला बसतात. हे आपल्याला इतकं साधं वाटतं की त्यामागे कुणी काय सोसलंय हे लक्षातही येत नाही. निदान बाळू पालवणकर हे नाव तरी आपण लक्षात ठेवूया.