प्योत्र चादायेव : वेडा ठरविला गेलेला विचारवंत

रशिया युरोपचाच एक भाग, की युरोपाहून निराळा, या प्रश्नाने त्या देशाच्या परराष्ट्रनीतीला दोन शतके घेरले आहे. हा प्रश्न निर्भीडपणे मांडून त्याची जबर किंमत मोजणारे प्योत्र चादायेव यांचा जन्म १७९४ मध्ये मॉस्को येथे झाला. इतिहासकार प्रिन्स श्चेरबातोव हे त्यांचे मातामह. आईवडिलांचे छत्र अकाली हरपल्याने मावशीने त्यांचा सांभाळ केला.

१८१२ मध्ये नेपोलियनने स्वारी केली तेव्हा ते बोरोदिनोच्या रणांगणावर लढले. पुढे १८१४ मध्ये विजयी सैन्याबरोबर त्यांनी पॅरिस पाहिले. १८२१ मध्ये लष्करी सेवा सोडून १८२३ ते १८२६ या काळात त्यांनी युरोपात प्रवास केला. परतल्यावर फ्रेंच भाषेत लिहिलेली त्यांची तात्त्विक पत्रे हस्तलिखित प्रतींतून हातोहाती फिरू लागली.

१८३६ मध्ये ‘टेलिस्कोप’ या नियतकालिकात त्यांपैकी पहिले पत्र छापले गेले आणि गहजब उडाला. रशियाने बायझंटियमकडून धर्म घेतला, त्यामुळे तो युरोपच्या सामायिक विकासापासून दुरावला. तो पूर्वेचाही नाही आणि पश्चिमेचाही नाही, असे त्यांचे प्रतिपादन होते. सनातनी ख्रिस्ती धर्म, एकतंत्री राजसत्ता आणि राष्ट्रीयत्व ही त्रिसूत्री शिक्षणमंत्री उवारोव यांनी नुकतीच राज्याचा आधार म्हणून मांडली होती. झार पहिला निकोलस याने चादायेवांना वेडे ठरविले. नियतकालिक बंद पडले, संपादक नादेझ्दिन हद्दपार झाले, आणि चादायेवांच्या घरी तपासणीसाठी डॉक्टर येऊ लागला. काहीही न छापण्याच्या अटीवर १८३७ मध्ये हा पहारा उठला. त्याच सुमारास त्यांनी स्वतःच्या समर्थनार्थ लेख लिहिला. मागे राहिलेला देश इतरांच्या चुकांपासून शिकून पुढे जाऊ शकतो, अशी आशा त्यांनी त्यात व्यक्त केली.

त्यांच्या पत्राने पाश्चात्यवादी आणि स्लाववादी यांच्यातील वादाला धार आली. इकडे ऑटोमन साम्राज्यातील सनातनी ख्रिस्ती प्रजेचे पालकत्व आपलेच, हा निकोलसचा आग्रह १८५३ मध्ये क्रिमियन युद्धाला कारणीभूत ठरला. ब्रिटन आणि फ्रान्स तुर्कांच्या बाजूने उतरले. मार्च १८५६ च्या पॅरिस तहाने रशियाला काळ्या समुद्रात युद्धनौकांचा ताफा ठेवण्यास मनाई केली. त्यानंतर काही आठवड्यांतच, एप्रिलमध्ये, चादायेव मॉस्कोत निवर्तले.

त्यांची सर्वच मते आज मान्य होणार नाहीत. स्वदेशाच्या भूतकाळाला त्यांनी पुरता न्याय दिला नाही, हेही खरे. परंतु देशाचे दोष दाखविणे म्हणजे देशद्रोह नव्हे, हे त्यांच्या जीवनाने सिद्ध केले. ज्या शब्दांवर राजाने वेडाचा शिक्का मारला, ते शब्द वाचकांनी हाताने उतरवून जपले. ग्रंथप्रेमींनी हे विसरू नये.