तेल अवीवचे पहिले नगराध्यक्ष मेईर डिझेनगॉफ

तेल अवीवला कधीही गेलेल्या माणसाने डिझेनगॉफ रस्ता पाहिलेला असतोच. लग्नाची खरेदी असो, डॉक्टरची वेळ असो किंवा नुसते भटकणे असो, पाय तिकडे वळतातच. या रस्त्यावर रेंगाळण्याला हिब्रूत एक क्रियापदच तयार झाले होते. पण ज्या गृहस्थांचे नाव या रस्त्याला आहे त्यांची माहिती आपल्या मंडळींत फार थोड्यांना असते, असे आम्हांस वाटते. घराघरांत आर्नोनाचे बिल येते, दुकानदाराला इरियाचा परवाना लागतो, नव्या जोडप्याला परवडणारे घर मिळत नाही. या तिन्ही गोष्टींशी ज्याने या देशात सर्वांत आधी झुंज घेतली, त्या माणसाची हकीकत वाचकांस आवडेल अशी आम्हांस आशा आहे.

मेईर डिझेनगॉफ यांचा जन्म २५ फेब्रुवारी १८६१ रोजी बेसाराबियातील अकिमोविची या खेड्यात झाला. तेव्हा तो मुलूख रशियाच्या झारकडे होता. आज तो मोल्दोव्हा देशात मोडतो. शिक्षण किशिनेव्हला झाले. पुढे दोन वर्षे रशियन सैन्यात झितोमीर येथे नोकरी झाली. तेथेच झीना ब्रेनर यांची ओळख झाली आणि पुढे त्यांच्याशीच लग्न झाले. ओदेसाला आल्यावर हे तरुण गृहस्थ झारविरोधी क्रांतिकारकांत मिसळले आणि १८८५ मध्ये काही महिने तुरुंगात जाऊन आले. बाहेर आल्यावर मात्र त्यांचे मन होव्हेव्हे झिओन चळवळीकडे, म्हणजे सियोनच्या प्रेमिकांकडे, वळले. राजवट उलथून टाकण्याची भाषा सोडून ते गाव वसवण्याच्या नादी लागले, ते अखेरपर्यंत.

१८८९ मध्ये ते पॅरिसला रसायनशास्त्र शिकायला गेले. तेथे बॅरन एदमों दे रोथशिल्ड यांच्याशी गाठ पडली. बॅरनसाहेबांच्या दारूच्या कोठारांना बाटल्या लागत, म्हणून त्यांनी डिझेनगॉफना १८९२ मध्ये समुद्रकाठच्या तंतुरा येथे काचेचा कारखाना काढायला पाठवले. वाळू हाताशी होती, पण त्या वाळूची काच चांगली होईना आणि हिवतापाने माणसे आजारी पडत. कारखाना बुडाला आणि १८९७ मध्ये ते ओदेसाला परतले. त्यांच्या गौरवपर लेखांत हा भाग दोन ओळींत उरकतात. आमच्या मते तो महत्त्वाचा आहे. बाहेरच्या श्रीमंताच्या पैशावर उभी केलेली गोष्ट त्याचा हात निघताच पडते, हे त्यांनी स्वतः पाहिले होते. पुढे नगराध्यक्ष झाल्यावर गावाने स्वतः कर भरावा यावर त्यांचा इतका भर का होता, हे त्यावरून थोडे समजते.

१९०५ मध्ये ते जाफ्याला कायमचे राहायला आले. जमीन विकत घेऊन ज्यू लोकांना देणाऱ्या गेऊला कंपनीचे ते प्रतिनिधी होते. जाफ्यात तेव्हा ज्यू कुटुंबांची स्थिती भाडेकरूंची होती. घरे दाटीची, पाणी विहिरीचे. भाड्याचा करार मुसलमानी वर्षाप्रमाणे मोहरम ते मोहरम असा चाले आणि वर्षाचे भाडे आगाऊ द्यावे लागे. चांद्रवर्ष अकरा दिवसांनी लहान, म्हणजे भाडेकरूचे दरवर्षी अकरा दिवस गेलेच! मोहरम जवळ आला की भाडे वाढे आणि बिऱ्हाडे हातगाडीवर चढत. ही चाल तेल अवीव वसल्यावरही कित्येक वर्षे तशीच राहिली. कोकणात ताबूत पाहिलेल्या आपल्या जुन्या माणसांना मोहरमचा हा अर्थ ऐकून नवल वाटेल.

या जाचातून सुटण्यासाठी अकिवा आर्ये वाइस यांच्या पुढाकाराने १९०६ मध्ये अहुझात बायित ही घरबांधणी संस्था निघाली. मूळ कल्पना वाइस यांची, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. डिझेनगॉफ पुढे गावाचा चेहरा झाले म्हणून वाइस यांचे श्रेय कमी होत नाही. केरेन कायेमेतकडून कर्ज घेऊन जाफ्याबाहेरची वाळवंटी जमीन घेतली गेली. ११ एप्रिल १९०९ रोजी सहासष्ट कुटुंबे वाळूत जमली. पांढऱ्या शिंपल्यांवर नावे, करड्या शिंपल्यांवर प्लॉटचे आकडे, अशी चिठ्ठी निघाली. डिझेनगॉफ पतिपत्नी त्या सहासष्टांतलीच. दुसऱ्या वर्षी गावाला तेल अवीव हे नाव मिळाले आणि १९११ मध्ये डिझेनगॉफ गावसमितीचे प्रमुख झाले.

संस्थेचे नियम कडक होते. प्रत्येक घराभोवती मोकळी जागा हवी, घरात नळाचे पाणी हवे आणि वस्तीत दुकान नको! व्यापार जाफ्यात करायचा आणि झोपायला इकडे यायचे. अर्थात हे फार दिवस टिकले नाही. १९१० मध्ये रोथशिल्ड बुलेवारवर सरबताची एक टपरी उभी राहिली, मग हेर्झल रस्त्यावर एकामागून एक दुकाने निघाली. तुर्की कायद्याने या समितीला कर बसवण्याचा काहीच अधिकार नव्हता. रस्ता, दिवे, पाणी, पहारा यांसाठी सभासदांनी आपसांत ठरवून वर्गणी भरायची आणि जो भरणार नाही त्याची समजूत घालायची. आपल्या सिनेगॉगच्या कमिट्यांवर काम केलेल्यांना या कामातली डोकेदुखी वेगळी सांगायला नको.

पहिल्या महायुद्धात हे सारे मोडले. १९१७ च्या पेसाहच्या तोंडावर तुर्की अंमलदारांनी जाफा व तेल अवीवच्या लोकांना गाव सोडायला लावले. घरे कुलपे लावून लोक गालीलकडे आणि इतरत्र पांगले; थंडी, भूक आणि रोग यांनी पुष्कळ माणसे दगावली. या निर्वासितांच्या मदतीची आणि तुर्कांशी बोलणी करण्याची जबाबदारी डिझेनगॉफ यांच्यावर आली. त्यावरून लोक त्यांना रेश गालुता, म्हणजे बाबेलच्या हद्दपारीतल्या मुख्याची जुनी पदवी लावून हाक मारू लागले. थट्टा होती, पण त्यात मान होता.

इंग्रज आले आणि गाव पुन्हा भरले. मे १९२१ मध्ये जाफ्यात भयंकर दंगल झाली आणि घाबरलेली ज्यू कुटुंबे तेल अवीवमध्ये येऊन राहिली. त्याच महिन्यात, ११ मे १९२१ रोजी, सरकारने तेल अवीवला टाउनशिपचा दर्जा दिला. नावाला गाव अजून जाफ्याच्या कक्षेत होते, पण आता कर बसवण्याचा, उपनियम करण्याचा, स्वतःची पोलीस आणि लहान गुन्ह्यांसाठी स्वतःचे न्यायालय ठेवण्याचा अधिकार कायद्याने मिळाला. वर्गणी संपली, कर सुरू झाला. नेव्हे त्सेदेकसारख्या जाफ्याच्या जुन्या ज्यू वस्त्याही तेल अवीवमध्ये आल्या. १९२२ च्या शिरगणतीत लोकसंख्या पंधरा हजारांच्या आसपास भरली आणि पुढच्या तीन वर्षांत ती दुपटीहून अधिक झाली.

पोलंडमधून आलेल्या लोकांत व्यापारी फार. कोणी दुकान काढी, कोणी जमीन घेऊन विकी. प्लॉटचे भाव चढले, दुमजली तिमजली घरे उठली आणि ज्यांच्या हाती पैसा नव्हता ते समुद्रकाठी तंबूत आणि लाकडी खोपटांत राहू लागले. इरियाची स्वतःची कचेरीदेखील हॉटेल म्हणून बांधलेल्या, भाड्याने घेतलेल्या इमारतीत होती! पैसा आणायचा कोठून? घरमालकांवर कर वाढवला तर ते भाडे वाढवणार, दुकानदारांवर वाढवला तर माल महागणार. डिझेनगॉफ अमेरिकेत जाऊन गावाचे कर्जरोखे विकून आले. त्यावर रस्ते आणि पाण्याची कामे झाली, पण कर्ज हे कर्ज. कामगार पक्षाचे म्हणणे असे की कर श्रीमंतांनी भरावा आणि मत भाडेकरूलाही असावे; घरमालकांना वाटे, जो कर भरतो त्याचा शब्द चालावा. डिझेनगॉफ यांचा कल मालक आणि व्यापारी यांच्याकडे होता, हे लपवण्यात अर्थ नाही. व्यापार वाढला तर गाव वाढेल आणि गाव वाढले तर मजुराला काम मिळेल, असा त्यांचा हिशेब. मजूर खोपटात किती वर्षे थांबणार, याचे उत्तर त्या हिशेबात नव्हते.

याच सुमारास, १९२५ मध्ये, त्यांनी स्कॉटिश नगररचनाकार पॅट्रिक गेडिस यांच्याकडून शहराचा आराखडा करून घेतला. हे गेडिस त्याच्या आधी, १९१९ ते १९२४, मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे प्राध्यापक होते. मुंबईच्या चाळी आणि गल्ल्या पाहिलेला माणूस यार्कोन नदीपर्यंतच्या वाळूत रस्ते आखायला आला, ही गोष्ट आम्हांस फार गमतीची वाटते. मोठे रस्ते रहदारीला, आतले लहान रस्ते राहणाऱ्यांना आणि घरांच्या मधोमध बाग, असा तो आराखडा. उत्तर तेल अवीवची सावली आजही त्याचीच आहे.

१९२५ मध्ये डिझेनगॉफ पायउतार झाले आणि कामगार पक्षाचे डेव्हिड ब्लोख नगराध्यक्ष झाले. पाठोपाठ मंदी आली, बांधकाम थांबले, बेकारी पसरली आणि इरिया कर्जात रुतली. १९२८ मध्ये डिझेनगॉफ पुन्हा निवडून आले ते मृत्यूपर्यंत त्या जागेवर राहिले. पुरीमच्या मिरवणुकीत घोड्यावर बसून पुढे चालणारे म्हातारे रोश हाईर लहान मुलांनाही ठाऊक होते. १९३४ मध्ये नवा कायदा होऊन तेल अवीव जाफ्यापासून वेगळी, पूर्ण दर्जाची नगरपालिका झाली.

येथे मुंबईशी तुलना केल्याशिवाय राहवत नाही. आपले डॉ. एलिजा मोझेस १९३७-३८ साली मुंबईचे महापौर झाले आणि आजही वरळीचा रस्ता त्यांच्या नावाने आहे. पण मुंबईत १८८८ च्या कायद्याने कारभाराची किल्ली सरकारने नेमलेल्या कमिशनरकडे होती. महापौर एक वर्षाचा. तेल अवीवला नगराध्यक्ष स्वतः कारभार हाकी आणि वर्षानुवर्षे हाकी. म्हणून डिझेनगॉफ यांचा जितका ठसा गावावर उठला तितका मुंबईच्या एकाही महापौराचा मुंबईवर उठणे शक्य नव्हते.

मात्र नव्या हद्दीच्या दक्षिणेला फ्लोरेंटिन आणि शापिरा या गरिबांच्या ज्यू वस्त्या जाफ्याकडेच राहिल्या. तेथले लोक कर जाफ्याला देत आणि शाळा, दवाखाना यांसाठी तेल अवीवकडे पाहत. त्यांना आत घ्यावे म्हणून वर्षानुवर्षे मागणी चालली. ती पुरी झाली १९४० च्या दशकाच्या शेवटी. आपल्यापैकी जे डिमोना, यरुहाम अशा गावांत उतरले त्यांना कागदावरची हद्द म्हणजे काय हे चांगले कळते.

१९३० मध्ये झीनाबाई वारल्या. डिझेनगॉफ यांनी रोथशिल्ड बुलेवारवरचे आपले राहते घर गावाला चित्रसंग्रहालयासाठी देऊन टाकले आणि ते १९३२ मध्ये उघडले. १४ मे १९४८ रोजी इस्राएल राज्याची घोषणा याच घरात झाली. जो प्रसिद्ध चौक आहे तो मेईर यांचा नव्हे, झीनाबाईंच्या नावाचा आहे. १९७८ मध्ये तो उंचावर चढवला होता आणि २०१८ मध्ये पुन्हा जमिनीवर आणला.

एप्रिल १९३६ मध्ये अरब संप सुरू होऊन जाफ्याचे बंदर बंद पडले. तेल अवीवने किनाऱ्यावर लाकडी धक्का बांधला आणि मे महिन्यात युगोस्लाव्हियाच्या बोटीतून सिमेंटची पोती उतरली. पंचाहत्तर वर्षांचे डिझेनगॉफ ते पाहून गहिवरले होते. त्याच वर्षी २३ सप्टेंबरला त्यांचे निधन झाले. तेव्हा शहराची वस्ती सव्वा लाखाच्या पुढे गेली होती. ट्रम्पेल्डोर रस्त्यावरच्या जुन्या स्मशानभूमीत त्यांची कबर आहे.

त्यांच्या जागी नगरसेवकांच्या बहुमताने मोशे शलूश यांना पसंती दिली. पण १९३४ च्या कायद्याप्रमाणे नगराध्यक्ष नेमण्याचा अधिकार हाय कमिशनरचा होता. त्यांनी उपाध्यक्ष इस्राएल रोकाख यांचे नाव जाहीर केले आणि काही दिवसांतच शलूश यांना खुर्ची सोडावी लागली.